आवणीची पाठ आणि भुजंगासन



आम्ही कोळगावच्या. पालघरहून बोईसरकडे जाताना जिल्ह्याची मोठी कचेरी लागते ना, तेच आमचं गाव. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या गावाचं नाव सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी आलं. आमच्या गटात आता तीन तऱ्हेच्या बायका आहेत. काही अजून भातशेती करणाऱ्या, काही तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या आणि काही लोकलने विरारकडे नोकरीला जाणाऱ्या. तिघींची कामं वेगळी, पण मासिक बैठकीला सतरंजीवर बसल्या की थोड्या वेळाने प्रत्येकीचा हात एकाच जागी जातो, कंबरेवर.

आज बोलायचं आहे ते या कंबरेबद्दल. पाठ मागे वळवणाऱ्या आसनांबद्दल, आणि दिवसभर अंग हलतं ठेवण्याबद्दल. आम्ही योगशिक्षिका नाही. दोन वर्षं करतो आहोत, एकदा चांगल्याच चुकलो आहोत, आणि त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिला प्रश्न आमच्याच एका मावशींनी विचारला होता. "दिवसभर राबतो आपण, विहिरीवरून पाणी आणतो, आवणी करतो, लाकडं फोडतो. आपल्याला कसला आलाय व्यायाम? तो बसून खाणाऱ्यांसाठी." प्रश्न खरा आहे. त्याला उडवून लावायचं नाही.

आवणीचा दिवस आठवा. जुलैचा पाऊस, पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिक, पाय चिखलात, डाव्या हातात रोपांची मूठ आणि उजव्या हाताने रोप खोचत मागे मागे सरकायचं. सकाळी खाचरात उतरलेली बाई जेवायच्या सुट्टीलाच काय ती सरळ होते. काम पुष्कळ होतं, घाम येतो, दम लागतो. पण पाठ सबंध दिवस एकाच बाजूला वाकलेली असते, पुढे. घरी आल्यावर चुलीपुढे पुढे, भांडी घासताना पुढे, झाडू मारताना पुढे, पोराला उचलताना पुढे. कंपनीतल्या बाईचंही तेच. टेबल ठेंगणं असतं, मान आणि खांदे आठ-आठ तास पुढे ओढलेले. आणि लोकलमध्ये जागा मिळालीच तर मान मोबाइलमध्ये. मागे वाकायची वेळ दिवसात येतेच कुठे? फार तर दांडीवर कपडे वाळत घालताना.

म्हणजे श्रम भरपूर, पण एकाच दिशेचे. बैलाला रोज एकाच अंगाने जुंपलं तर काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

आता पाठीच्या आत काय चालतं ते थोडं पाहू. आपल्या कण्यात मणके 33 असतात. त्यातले वरचे 24 सुटे, हलणारे; खालचे जुळून गेलेले. सुट्या मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात, त्यांना आपण गाद्या म्हणतो. "गादी सरकली" म्हणतात ती हीच. या गादीला मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला अन्नपाणी मिळतं ते आजूबाजूच्या भागातून पाझरून, स्पंजासारखं. दाब आला की पाणी बाहेर, दाब सुटला की आत. म्हणून तिला हलणं लागतं, आणि आडवं पडणंही लागतं. आपण पुढे वाकतो तेव्हा गादीच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि तिचा आतला मऊ भाग मागे ढकलला जातो. मागे नसा आहेत. तासन् तास तसंच राहिलं की मागचे बंध ताणले जातात, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी जे लांब स्नायू वरून खाली गेलेले असतात ते सतत ओढ धरून थकतात. संध्याकाळी जी कळ येते ती बऱ्याचदा या थकव्याची असते. हाड मोडल्याची नसते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण दुर्लक्ष करायचंही नाही.

यातूनच एक बारीक पण उपयोगी गोष्ट. रात्रभर झोपल्यावर गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्याउठल्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कंबरेतून खोल वाकणं कंबरेला जड जातं. आपण नेमकं तेव्हाच वाकून अंगण झाडतो आणि हंडा उचलतो. जमेल तिने आधी चहा ठेवावा, जरा फिरावं, मग झाडू घ्यावा. आमच्यातल्या एकीने लांब दांड्याचा खराटा केला. सासूबाई आधी हसल्या, आता त्याच वापरतात.

आता मागे वाकण्याची गोष्ट.

ही आसनं जुनी आहेत. घेरंडसंहितेत 32 आसनं सांगितली आहेत, त्यात भुजंगासन, शलभासन, उष्ट्रासन आहेत. पण बाईने ती करावीत असं बोलायला विसावं शतक यावं लागलं. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लाइनीवर, 1918 साली वर्सोव्याला श्री योगेंद्र यांनी योग शिकवायला सुरुवात केली. ती संस्था आज सांताक्रूझला आहे. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं, आणि बायकांना शिकवलंही. पुढे लोणावळ्याला 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि आसनांनी शरीरात काय होतं ते यंत्रं लावून तपासलं. पुण्याच्या गीता अय्यंगार यांचं बायकांसाठीचं पुस्तक 1983 साली निघालं. हे मुद्दाम सांगतो, कारण गावात अजून कुणीतरी म्हणतंच, की हे शहरातलं फॅड आहे, टीव्हीवरून आलेलं. तसं नाही. शंभर वर्षांपासून महाराष्ट्रातल्या बायका हे करत आहेत.

आणखी एक गोष्ट आमच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितली, ती आम्हाला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. 1956 साली त्यांच्याकडे पाय आणि कंबर दुखणारा एक रोगी आला. त्यांनी त्याला आतल्या खोलीत पालथं झोपायला सांगितलं. त्या खाटेचं डोक्याकडचं टोक आधीच्या रोग्यासाठी उचललेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. हा बापडा त्यावरच पालथा पडला, म्हणजे छाती वर आणि कंबर मागे वाकलेली. थोड्या वेळाने मॅकेन्झी आत आले आणि घाबरलेच, कारण त्या काळी असं मागे वाकणं वाईट समजत. तर रोगी म्हणतो, कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं! त्यावरून त्यांनी पुढे पाठदुखीच्या व्यायामांची एक पद्धतच बसवली. बघा, आपलं भुजंगासन तिकडे एका चुकून उचललेल्या खाटेवर सापडलं.

त्या पद्धतीतला एक नियम मात्र आम्ही पाठ केला आहे, तुम्हीही करा. मागे वाकल्यावर पायातली कळ वर सरकून कंबरेकडे येत असेल तर चांगलं चिन्ह. कंबरेतली कळ खाली मांडीत, पोटरीत, पावलात उतरायला लागली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

हा नियम आम्हाला उशिरा कळला. आमची चूक आता सांगतो.

21 जूनला योगदिन असतो. पहिल्या वर्षी आम्ही समाजमंदिरात जमलो, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि धनुरासन सुरू केलं. पालथं पडून दोन्ही घोटे हातात धरायचे आणि अंगाचं धनुष्य करायचं. एकमेकींकडे बघून जोर चढला. कुणाची मांडी जास्त उचलली जाते, फोटो कुणाचा चांगला येतो! आमची एक वहिनी कंपनीत ठेक्यावर कामाला. आदल्या रात्री उशिरापर्यंत उभं राहून आलेली, अंग आखडलेलं. तिने झटका देऊन घोटे ओढले आणि कंबर धरली ती धरलीच. तिला आम्ही धरून घरी नेलं. अकरा दिवस ती कामावर जाऊ शकली नाही, आणि ठेक्यावर न गेलेल्या दिवसाचा पगार नसतो. सासू म्हणाली, "घरात काम कमी पडलं म्हणून तिकडे लोळायला गेलीस?" नवरा काही बोलला नाही, पण गटात यायचं बंद झालं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही सगळ्या गप्प झालो. पावसाळाभर कुणी आसनाचं नाव काढलं नाही. दोष आमचा होता. तिच्या पगाराचं नुकसान आम्ही गटातून थोडं भरून दिलं, सगळं नाही जमलं.

दिवाळीनंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंना आम्ही गाठलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, धनुरासन विसरा. पहिले पंधरा दिवस नुसतं पालथं पडायचं. आम्हाला हसू आलं. पण केलं.

तर हा क्रम असा आहे. गोधडी किंवा चटई अंथरायची. मऊ गादीवर नको. जेवणानंतर तीन तास गेलेले असावेत. पालथं पडून हाताच्या उशीवर कपाळ टेकायचं, पाय थोडे फाकलेले, आणि पोटाने श्वास घ्यायचा. मकरासन याच्या जवळचं आहे. दिवसभर वाकलेल्या पाठीला एवढंही पुष्कळ असतं. दोन-तीन मिनिटं झाली की कोपरं खांद्याखाली आणून छाती जराशी उचलायची, पोरं पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचतात तशी. बस. एवढ्याने कंबरेला गोड ताण जाणवायला हवा, टोचणारी कळ नको.

हे अंगवळणी पडलं की भुजंगासन. तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला लागून. श्वास घेत आधी डोकं, मग छाती उचलायची. बेंबी जमिनीवरच राहील. इथेच बहुतेक जणी चुकतात, हातांनी रेटून अंग वर फेकतात. हात फक्त टेकू द्यायला आहेत, उचलायचं आहे पाठीच्या स्नायूंनी. हात जमिनीपासून क्षणभर उचलून बघा; छाती जेवढी वर राहील तेवढीच तुमची खरी उंची. मान मागे टाकायची नाही, नजर समोर. खांदे कानाला लागले असतील तर खाली सोडा. दोन-तीन श्वास थांबून श्वास सोडत हळू खाली. तीन वेळा, पुढे पाच वेळा.

मग अर्धशलभासन. पालथ्यानेच एक पाय गुडघ्यात न वाकवता टीचभर उचलायचा. वीतभरही नको. याने कुल्ल्याचे स्नायू बळकट होतात, आणि वजन उचलताना कंबर वाचते ती या स्नायूंमुळे. आपल्याकडे बायका सगळं वजन कंबरेने उचलतात, कुल्ले आणि मांड्या आयत्या बसून असतात! श्वास कोंडायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

उताणं होऊन सेतुबंधासन. गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, श्वास घेत कंबर उचलायची, दोन श्वास, खाली. ज्यांना पालथं पडणं जमत नाही, पोट मोठं आहे किंवा छातीला लागतं, त्यांनी हेच जास्त करावं. शेवटी गुडघे पोटाशी घेऊन डावी-उजवीकडे डुलायचं. मागे वाकल्यावर लगेच झटकन पुढे वाकायचं नसतं, आधी हे डुलणं.

सगळं मिळून पंधरा मिनिटं. आम्ही आठवड्यातून चार दिवस करतो, संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी.

आता हे कुणी करू नये, ते नीट ऐका. गरोदर बाईने पालथं पडायचं नाही. सिझर झालेलं असेल किंवा पोटाचं, पिशवीचं ऑपरेशन झालं असेल, तर ज्या डॉक्टरने केलं त्यांना विचारल्याशिवाय नाही. हर्निया असेल, रक्तदाब औषधाने ताब्यात नसेल, तर नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायका लाजेने सांगत नाहीत. त्यांनी शलभासन आणि धनुरासन टाळावं, कारण त्याने पोटाचा दाब खाली येतो. म्हाताऱ्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांनी हलकं पालथं पडणं आणि चालणं, एवढंच. पाळीच्या दिवसांत अय्यंगार परंपरेत जोरकस आसनं टाळायला सांगतात. आम्ही तेव्हा नुसतं चालतो. कुणाला हलकं केल्याने बरं वाटत असेल तर तिने करावं. यात विटाळाचा काही संबंध नाही, आरामाचा आहे.

आणि काही दुखणी आसनाची नव्हेतच. पाठ दुखते आणि त्यासोबत संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, रात्री झोपेतही कळ थांबत नाही, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषध फुकट आहे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही पायांत बधिरपणा आला, बसायची जागा सुन्न झाली, तर त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठायचं, उद्या नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रोगात हाडं आणि पाठ अचानक फार दुखते. ते दुखणं चोळून, वाकवून जात नाही. सिकलसेल असलेल्या मुलीला व्यायाम अजिबात वर्ज्य नाही, पण दमेपर्यंत नको, आणि पाणी भरपूर हवं. आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रक्त कमी असेल तर वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तिने आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि आसनं सावकाश करावीत.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, याने खरंच पाठ बरी होते का? 2017 साली अमेरिकेत बोस्टनला 320 जणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले बरेचसे गरीब वस्त्यांतले, जुनी पाठदुखी असलेले. बारा आठवडे काहींना योग शिकवला, काहींना फिजिओथेरपी दिली. दोघांना सारखाच फायदा झाला. म्हणजे योग जादू नाही, पण फिजिओथेरपीच्या तोडीचा आहे. तो योगही हळू, साधा होता, धनुष्य करणारा नव्हता.

याहून आम्हाला पटला तो चालण्याचा अभ्यास. 2024 साली ऑस्ट्रेलियातला, 701 जणांवरचा. पाठदुखी एकदा होऊन गेलेल्यांना चालायला लावलं, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. न चालणाऱ्यांमध्ये निम्म्या जणांची दुखणी साधारण 112 दिवसांत परत आली, चालणाऱ्यांमध्ये 208 दिवसांनी. खर्च शून्य. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल असं हलायला सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही.

शेतावरच्या बायकांना ही मिनिटं मोजायची गरज नाही, पावसाळ्यात तरी. त्यांना मोजायची आहे ती वाकण्यातली खंड. आम्ही आवणीत एक सवय लावली. एक पट्टा लावून झाला की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं, हात कंबरेवर, अंगठे पुढे, आणि श्वास घेत थोडं मागे झुकायचं. तीनदा. गुडघे सरळ, मान मागे टाकायची नाही. मालकीण आधी कुरकुरली. नंतर तीच "उठा गं" म्हणू लागली, कारण दुपारनंतर हात मंदावेनासे झाले, असं ती स्वतः म्हणते. शिवाय मूठ टाकायला आणि रोप काढायला पाळी बदलायची, म्हणजे एकच बाई सबंध दिवस एकाच कामाला नको.

कंपनीतल्या बायकांचं अवघड आहे. तिथे उठायला सुपरवायझरकडे पाहावं लागतं. त्यांनी पाणी प्यायला जाताना भिंतीला पाठ लावून हात वर करावेत, टाचा उचलाव्यात. उभं राहायचं असेल तर एक पाय लहान खोक्यावर ठेवून मधून मधून बदलावा, कंबर हलकी होते. टेबल ठेंगणं असेल तर चार-पाच जणींनी मिळून सांगावं. एकटीने सांगितलं की ती तक्रार होते. बारा-बारा तासांची शिफ्ट कुठलंही आसन भरून काढणार नाही, हेही आम्हाला माहीत आहे. पाठ मोडते ती बाईच्या आळसाने, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

लोकलवाल्या बायका सर्वांत कमी हलतात आणि सर्वांत जास्त थकतात. त्यांना आम्ही रिक्षा एक थांबा आधी सोडायला सांगितलं आहे. कचेरीच्या बाजूचा रस्ता रुंद आहे, सकाळी तिथे पुष्कळ लोक फिरायला येतात. सुरुवातीला दोघी-तिघी साडीत चालताना लाजत होत्या. बूट घालून साडीत चाललं तर लोक बघतात म्हणे. बघू द्या. चपलेपेक्षा बूट बरे, निदान पाय तरी मुरगळत नाही.

साडीवरून आठवलं. मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी विचारलं होतं, साडीत ही आसनं कशी करायची? आम्ही साडी नेसूनच सुरुवात केली. कासोटा घातला की सेतुबंधासनाला काही अडत नाही, कासोट्याची साडी तर आपल्याकडे होतीच. ज्यांना बरं वाटतं त्या पंजाबी ड्रेस घालतात. नाडी कंबरेच्या हाडाखाली सैल बांधा, नाहीतर पालथ्याने रुतते. जागेचा प्रश्न असेल तर शाळा सुटल्यावर अंगणवाडीची खोली मागा, आम्हाला मिळाली. पुरुषमंडळी डोकावतात म्हणून दार लोटून घेतो.

आमची ती वहिनी चार महिन्यांपूर्वी परत यायला लागली. सासूनेच पाठवलं, कारण तिचेही गुडघे धरले होते आणि तिलाही काही शिकून हवं होतं. आता दोघी एकत्र येतात. वहिनी मागच्या भिंतीजवळ गोधडी टाकते, कोपरांवर छाती उचलून पडते, आणि भुजंगासनाची पाळी आली की कधी करते, कधी नाही. धनुरासनाचं नाव काढलं की अजून हात जोडते. आम्हीही तिला म्हणत नाही.